चौथे शील आणि आपला रविवारचा फोन



एक प्रश्न विचारून सुरुवात करतो. मागच्या आठवड्यात तुम्ही भारतात घरी फोन केला असेल. "कशी आहेस आई?" असे विचारल्यावर तिकडून काय उत्तर आले? "बरं आहे. इकडची काळजी करू नको." मग तिने विचारले, "तू कसा आहेस?" तुम्ही काय म्हणालात? "मस्त. सगळं ठीक."

यातले खरे किती होते?

आपण प्रत्येक कार्यक्रमात त्रिशरण-पंचशील घेतो. चौथ्या शिलापाशी, मुसावादा वेरमणीपाशी, आपल्यापैकी फार कोणी अडखळत नाही. आपण कोणाला फसवत नाही, खोटी बिले लावत नाही, टॅक्स भरताना लपवाछपवी करत नाही. म्हणजे हे शील आपण पाळतोच, असे आपण धरून चालतो. मीही तसेच धरून चाललो होतो. पण ज्या माणसांवर आपले सर्वांत जास्त प्रेम असते त्यांच्याशीच आपण सर्वांत जास्त खोटे बोलतो, आणि त्या खोटेपणाला आपण करुणा म्हणतो. हे मला वडिलांच्या मृत्यूनंतर कळले. आज त्याचाच अभ्यास आपण करू.

आमच्या घरात काय घडले

माझे वडील नागपूरला रेल्वेच्या हिशेब विभागात कारकून होते. 14 ऑक्टोबर 1956 रोजी ते आठ वर्षांचे होते आणि आमच्या आजोबांच्या खांद्यावर बसून त्यांनी दीक्षाभूमीवरची ती गर्दी पाहिली होती. नोकरीची सगळी वर्षे त्यांनी आकडे तपासले. किराणा दुकानाची चिठ्ठीसुद्धा ते बेरीज करून पाहिल्याशिवाय खिशात ठेवत नसत.

फेब्रुवारी 2019 मध्ये त्यांचे पोट दुखू लागले. तपासण्या झाल्या. स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला आणि तो यकृतापर्यंत पोहोचला होता. डॉक्टरांनी हे दवाखान्याच्या व्हरांड्यात माझ्या लहान भावाला सांगितले. भावाने आईला सांगितले. दोघांनी मिळून ठरवले की बाबांना सांगायचे नाही, मलाही सांगायचे नाही. बाबांना "स्वादुपिंडाला सूज आहे" म्हणून सांगितले आणि मला "पित्ताचा त्रास आहे" म्हणून.

मी इकडे डॅलसजवळ राहतो. दर रविवारी सकाळी, म्हणजे तिकडची रात्र, मी फोन करत असे. दर रविवारी मला "बरं आहे" ऐकू येत असे. मे महिन्यात भावाला राहवले नाही आणि त्याने मला खरे सांगितले. फोन ठेवण्याआधी तो म्हणाला, "दादा, पण बाबांजवळ बोलू नको बरं. खचून जातील."

मी त्याच्यावर चिडलो. तीन महिने मला अंधारात ठेवले म्हणून खूप बोललो. पण जूनमध्ये दोन आठवडे नागपूरला गेलो तेव्हा मी काय केले? तेच केले. बाबांच्या खाटेजवळ बसून मी क्रिकेटवर बोललो, कूलर दुरुस्त केला, "पथ्य पाळा, दोन महिन्यांत बरे व्हाल" म्हणालो. ते हसून मान हलवत.

ऑगस्टमधल्या एका रविवारी त्यांनी आईला फोन स्वतःजवळ द्यायला सांगितला. आवाज खोल गेला होता. ते म्हणाले, "बाबू, तू तं शिकलेला आहेस. मले नेमकं काय झालं, तू तरी सांग."

तुम्ही काय केले असते मला माहीत नाही. मी म्हणालो, "काही नाही बाबा, सूजच आहे. वेळ लागते तिला."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बरं." त्यानंतर त्यांनी पोरीच्या शाळेविषयी विचारले आणि फोन आईकडे दिला.

सप्टेंबरमध्ये ते गेले. मी पोहोचलो तेव्हा नातेवाईक माझ्यासाठीच थांबले होते. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, आणि त्या रात्री आईने मला सांगितले की बाबांना एप्रिलपासूनच सगळे माहीत होते. घरात कोणी नसताना त्यांनी कपाटातली फाइल काढून पूर्ण वाचली होती. ज्या माणसाने आयुष्यभर कागद तपासले, तो स्वतःचा कागद तपासणार नाही असे आम्ही समजलो होतो! ते आईला म्हणाले होते, "पोरायले सांगू नको मले माहीत आहे म्हणून. त्यायले वाईट वाटंल."

मी आईला विचारले, "मग ऑगस्टमध्ये मला का विचारलं त्यांनी?"

आई म्हणाली, "बोलायचं होतं त्यायले तुझ्याजवळ. तू सांगशील असं वाटलं."

असे आमचे घर होते. सगळ्यांना सगळे माहीत होते आणि कोणीच कोणाशी बोलत नव्हते. आईने दोन्हीकडची गुपिते पाच महिने एकटीने सांभाळली. बाबांना मला काय सांगायचे होते हे आता मला कधीच कळणार नाही.

राहुलाला दिलेला धडा

नागपूरहून परत आल्यावर माझी मुलगी, तेव्हा नऊ वर्षांची, मला म्हणाली, "पप्पा, तुम्ही तर म्हणाला होता आजोबा बरे होतील." हीच मुलगी दर रविवारी आपल्या बालवर्गात पंचशील म्हणते. मला तिला उत्तर देता आले नाही. म्हणून मी सुत्ते काढून वाचायला बसलो.

पहिले काढले ते मज्झिम निकायातील 61 वे, अंबलट्ठिक राहुलोवाद सुत्त. याचे महत्त्व किती जुने आहे हे पाहा. राजस्थानातील बैराट येथे सम्राट अशोकाचा एक शिलालेख सापडला, जो आज कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीत आहे. त्यात अशोकाने भिक्खू, भिक्खुणी, उपासक आणि उपासिकांनी वारंवार ऐकावेत असे सात धम्मपाठ सुचवले आहेत. त्यांत खोटे बोलण्यासंबंधी राहुलाला केलेल्या उपदेशाचा स्पष्ट उल्लेख आहे.

या सुत्तात बाप मुलाला शिकवतो आहे. भगवंत पाय धुतात आणि भांड्यात थोडे पाणी शिल्लक ठेवतात. राहुलाला विचारतात, हे थोडेसे पाणी दिसते का? जाणूनबुजून खोटे बोलण्याची ज्याला लाज नाही, त्याचे श्रमणपण एवढेसेच उरते. मग ते पाणी फेकतात, भांडे पालथे करतात, पुन्हा सरळ करून रिकामे भांडे दाखवतात, आणि प्रत्येक वेळी तोच मुद्दा सांगतात. थट्टेतसुद्धा खोटे बोलू नये, असे त्याला सांगतात.

यातला "जाणूनबुजून" हा शब्द लक्षात ठेवा. चुकून चुकीचे बोलणे निराळे. मी बाबांशी बोललो ते जाणूनबुजून होते. "हेतू चांगला होता" म्हटल्याने ते अजाणतेपणी झाले असे होत नाही.

पुढे आरशाचा दृष्टान्त येतो. आरसा जसा पाहण्यासाठी असतो तसे काया, वाचा आणि मनाचे प्रत्येक कर्म करण्याआधी, करताना आणि केल्यानंतर पाहावे. यामुळे मला त्रास होईल का, दुसऱ्याला होईल का, हे तपासावे. आणि केल्यानंतर ते चुकीचे होते असे दिसले तर? काया-वाचेच्या बाबतीत भगवंत सांगतात की ते शास्त्यापुढे किंवा जाणत्या सोबत्यांपुढे उघड करावे आणि पुढे संयम ठेवावा. स्वतःला कोसत बसावे असे कुठेही सांगितलेले नाही. तुम्ही माझे सोबती आहात, म्हणून हे तुमच्यापुढे मांडतो आहे.

आठ ओळींचा तक्ता

तुम्ही म्हणाल, खरे बोलायचे म्हणजे मरणाऱ्या माणसाच्या तोंडावर "तुम्ही मरणार" म्हणायचे का? हीच शंका माझीही होती. तिचे उत्तर अभयराजकुमार सुत्तात (मज्झिम निकाय, 58) मिळाले.

अभय हा मगधाचा राजपुत्र. तो भगवंतांना पेचात पकडायला येतो. प्रश्न असा की तथागत दुसऱ्याला न आवडणारे शब्द बोलतात का? हो म्हटले तरी अडचण, नाही म्हटले तरी अडचण. त्या वेळी अभयाच्या मांडीवर त्याचे तान्हे मूल असते. भगवंत विचारतात, या मुलाने तोंडात काडी किंवा खडा घातला तर तू काय करशील? अभय म्हणतो, काढीन. लगेच निघाला नाही तर एका हाताने डोके धरून, बोट वाकवून, रक्त आले तरी काढीन. का? कारण मला या मुलाची करुणा आहे.

त्यानंतर भगवंत वाणीचे प्रकार सांगतात. कसोट्या तीन आहेत : बोलणे खरे आहे का, हिताचे आहे का, आणि ऐकणाऱ्याला आवडणारे आहे का. आम्हा संगणकवाल्यांना सवय असते, तीन हो-नाहीचे प्रश्न आले की आम्ही आठ ओळींचा तक्ता मांडतो. मी तो मांडला आणि सुत्तातले प्रकार एकेक करून भरू लागलो.

खोटे, अहिताचे, न आवडणारे : बोलायचे नाही.
खरे, अहिताचे, न आवडणारे : बोलायचे नाही.
खरे, हिताचे, न आवडणारे : योग्य वेळ जाणून बोलायचे.
खोटे, अहिताचे, आवडणारे : बोलायचे नाही.
खरे, अहिताचे, आवडणारे : बोलायचे नाही.
खरे, हिताचे, आवडणारे : हेही योग्य वेळ जाणूनच बोलायचे.

सहा ओळी भरल्या. दोन रिकाम्या राहिल्या. त्या कोणत्या? "खोटे पण हिताचे" याच्या दोन. आवडणारे असो वा नसो, खोटे पण हिताचे असा प्रकार सुत्तात मांडलेलाच नाही. त्याला मनाई केली आहे असेही नाही. तो मोजणीतच धरलेला नाही. आणि मी सात महिन्यांचा सगळा व्यवहार त्याच रिकाम्या ओळीत मांडला होता.

हा तक्ता आणखी एक गोष्ट शिकवतो. खरे आहे म्हणून लगेच बोलून टाकावे, असे इथे नाही. सत्य हिताचे असावे लागते, आणि हिताचे सत्यही वेळ पाहून बोलावे लागते. किसा गौतमीची गोष्ट आपण मुलांना सांगतो. मेलेले बाळ कडेवर घेऊन ती औषध मागत आली तेव्हा भगवंत "हे मेले आहे" असे लगेच म्हणाले नाहीत. पण "हे जगेल" असेही म्हणाले नाहीत. ज्या घरात कधी कोणी मेले नाही त्या घरातून मोहऱ्या आणायला सांगितले. संध्याकाळपर्यंत सत्य तिचे तिलाच दिसले. थांबणे आणि खोटे बोलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आम्ही पहिलीच्या नावाखाली दुसरी केली.

नकुलमाता आजारी पतीशी काय बोलली

तर मग आजारी माणसाशी बोलायचे कसे? अंगुत्तर निकायाच्या छक्क निपातात एक सुत्त आहे. भग्ग देशात, सुंसुमारगिरीजवळच्या भेसकळा वनात भगवंत राहत असताना नकुलपिता नावाचे उपासक खूप आजारी पडले. त्यांची पत्नी नकुलमाता त्यांच्याजवळ बसून बोलते. ती "तुम्हाला काही होणार नाही" असे म्हणत नाही. ती म्हणते की काळजी मनात ठेवून मरण येऊ देऊ नका, तसे मरण दुःखाचे असते. आणि मग त्यांच्या मनात कोणत्या काळज्या असतील त्या स्वतःच एकेक करून उचलते.

माझ्यामागे ही मुलांना कसे पोसेल, घर कसे चालवेल, असे वाटत असेल; तर मला कापूस कातता येतो, लोकर विंचरता येते, मी घर चालवीन. ही दुसरा संसार मांडेल असे वाटत असेल. तर आपण कसे राहिलो हे तुम्हाला माहीत आहे. ही भगवंतांच्या, संघाच्या दर्शनाला जाणार नाही असे वाटत असेल. तर मी आणखी जास्त जाईन. हिचे शील टिकेल का, हिचे मन शांत राहील का, धम्मात हिचा पाय घट्ट रोवला आहे का, हेही ती बोलते आणि प्रत्येकाचे उत्तर देते.

सुत्त सांगते की नकुलपिता त्या आजारातून उठले आणि काठी टेकत भगवंतांकडे गेले. अशी हिताची चिंता करणारी, उपदेश करणारी पत्नी मिळाली हे तुझे भाग्य, असे भगवंत त्यांना म्हणाले. प्रत्येक आजारी माणूस बोलण्याने बरा होईल, असा याचा अर्थ मी घेत नाही. माझे वडील कोणत्याही बोलण्याने वाचले नसते. मुद्दा इतकाच की मरणाचा विषय काढल्याने नकुलपिता खचले नाहीत. त्यांच्या मनावरचे ओझे उतरले.

संयुत्त निकायातील गिलान सुत्तातही हीच रीत आहे. कपिलवस्तूला महानाम शाक्य विचारतो की एका उपासकाने आजारी उपासकाला धीर कसा द्यावा. भगवंत सांगतात, आधी त्याला त्याच्या बुद्ध-धम्म-संघावरच्या श्रद्धेची आणि शिलाची आठवण द्यावी. मग विचारावे : तुम्हाला आईवडिलांची ओढ आहे का? पत्नी-मुलांची काळजी आहे का? असेल तर सांगावे की काळजी केली तरी मरण आहे आणि नाही केली तरी आहे, म्हणून ती सोडलेली बरी. इतके सरळ. आणि हे भिक्खूने करायचे काम म्हणून सांगितलेले नाही. एका उपासकाने दुसऱ्या उपासकासाठी, म्हणजे तुम्ही-आम्ही करायचे आहे.

बाबांच्या मनात काय असेल? आईचे औषधपाणी कोण पाहील, घराच्या कागदांवरचे नाव, भावाची न टिकणारी नोकरी. मी फक्त एवढे म्हणायला हवे होते, "बाबा, आईचं मी आणि भाऊ पाहू." पण ते म्हणण्यासाठी आधी "हो बाबा, आजार मोठा आहे" हे म्हणावे लागले असते.

मग श्रद्धा कशावर?

बाबांच्या आजारात नातेवाइकांचे फोन येत. कोणी म्हणे, "परित्राण पाठ ठेवा, बरे होतीलच, आमची श्रद्धा आहे." कोणी दबक्या आवाजात अंगाऱ्याचाही विषय काढला. श्रद्धा म्हणजे "आपल्याला हवे तेच होईल" अशी खात्री, असा अर्थ आपण नकळत करून ठेवला आहे.

चंकी सुत्तात (मज्झिम निकाय, 95) भगवंत कापथिक नावाच्या तरुणाला सांगतात की एखाद्याची श्रद्धा असेल तर त्याने "माझी अशी श्रद्धा आहे" एवढेच म्हणावे. त्यावरून "हेच सत्य, बाकी सर्व खोटे" असा निष्कर्ष काढू नये. असे बोलल्याने सत्याचे रक्षण होते. आजाऱ्याजवळ बसताना हा धडा फार उपयोगाचा आहे. "तुम्ही नक्की बरे होणार" हे खोटे ठरू शकते. "तुम्ही बरे व्हावे असे मला फार वाटते" हे खरेच असते. दोन्हींत प्रेम तेवढेच आहे. फरक शीलाचा आहे.

आणि नकुलपित्याचीच आणखी एक भेट संयुत्त निकायात आहे. ते म्हातारे झाले आहेत, शरीर सतत दुखते. भगवंत त्यांना सांगतात की शरीर आजारी असले तरी चित्त आजारी राहू नये, असा सराव करा. मला आता वाटते की आपली श्रद्धा इथे हवी. माणूस सत्य पेलू शकतो, त्याचे चित्त शरीराहून मोठे होऊ शकते, यावर ती हवी. आम्ही बाबांपासून आजार लपवला तेव्हा आमचा त्यांच्यावर विश्वास नव्हता. जो माणूस आठव्या वर्षी नवा जन्म पाहून आला, ज्याने जातीचे टोमणे गिळून नोकरी केली, दोन मुलांना शिकवले, तो एक निदान ऐकून खचेल असे आम्ही परस्पर ठरवले.

रमाईचे उदाहरण

इथे एक शंका येईल. परदेशात शिकणाऱ्या बाबासाहेबांना रमाईने आपल्या हालअपेष्टा कळू दिल्या नाहीत, असे आपण जयंतीच्या भाषणांत लहानपणापासून ऐकत आलो. आपल्या आया-बहिणी फोनवर "बरं आहे" म्हणतात, त्यामागे हाच आदर्श असतो. मग ते चूक का?

मला यात फरक दिसतो. आपले स्वतःचे दुःख मूकपणे सोसणे हा त्याग आहे, आणि रमाईच्या त्यागापुढे मी नतमस्तक आहे. पण दुसऱ्याच्याच आयुष्याची गोष्ट त्याच्यापासून लपवणे हा त्याग होत नाही. बाबांचे मरण बाबांचे होते. ते आम्ही त्यांच्यापासून काढून घेतले. शिवाय बाबासाहेबांची पत्रे समुद्रमार्गाने यायला-जायला आठवडे लागत. आपल्या खिशात फोन आहे आणि एका दिवसाच्या अंतरावर विमान आहे.

बाबासाहेब आणि रमाईंनी चार अपत्ये गमावली. 1926 मध्ये राजरत्न गेल्यावर बाबासाहेबांनी आपले दुःख मित्राला पत्रातून मोकळेपणाने कळवले होते. एवढा बुद्धिवादी माणूस दुःख लपवत नाही, हेही आपण लक्षात घ्यावे.

त्यानंतर आम्ही काय बदलले

बाबांच्या पहिल्या पुण्यस्मरणाला आई, भाऊ आणि मी फोनवर एक करार केला. कोणाचीही तब्येत, पैसा, नोकरी याबद्दल तिघांनी तिघांना त्याच दिवशी खरे सांगायचे. त्याची पहिली परीक्षा माझीच झाली. 2023 मध्ये माझी नोकरी गेली. जुनी सवय म्हणाली, आईला कशाला सांगायचे? दोन दिवस मी गप्प राहिलो. तिसऱ्या दिवशी सांगितले. आई म्हणाली, "मग काही दिवस पैसे नको पाठवू. मले पेन्शन आहे." नोकरी गेल्यानंतर त्या दिवशी मी पहिल्यांदा शांत झोपलो.

दुसरी परीक्षा पुढच्या वर्षी आली. आईच्या हृदयाच्या तपासणीत दोष निघाला आणि तिच्या वयात शस्त्रक्रिया धोक्याची आहे असे डॉक्टर म्हणाले. भावाने त्याच दिवशी मला कळवले. मी आईला आधी विचारले, "आई, डॉक्टर काय म्हणाले ते सगळं ऐकायचं आहे का तुला?" ती म्हणाली, "सांग." मी सांगितले. ती रडली. मीही रडलो. मग ती जवळजवळ तासभर बोलली : पासबुक कुठे आहे, कोणती साडी कोणाला द्यायची, आणि जमेल तोवर दर वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर न्यायचे. शेवटी म्हणाली, "तुझ्या बाबाजवळ असं बोलाले पाहिजे होतं आपण." आई आज आहे, औषधे घेते आहे, आणि आमचे रविवारचे फोन आता लांबतात.

या महिन्याचा सराव

आता तुमच्यासाठी, आणि पुढच्या अभ्यासवर्गातील चर्चेसाठी, चार गोष्टी सुचवतो.

एक. या रविवारी फोनवर "सगळं ठीक" म्हणण्याआधी क्षणभर थांबा. राहुलाच्या आरशात पाहा. एक तरी गोष्ट खरी सांगा, मग ती लहान का असेना. आपण खरे बोललो की समोरच्यालाही खरे बोलता येते.

दोन. घरात कोणी गंभीर आजारी असेल तर आधी त्यांना विचारा की त्यांना किती जाणून घ्यायचे आहे. काहींना सगळे ऐकायचे असते, काहींना थोडे थोडे, काही म्हणतील "मला नका सांगू, तुम्ही पाहा." ते उत्तरही मानायचे. पण ठरवायचे त्यांनी, त्यांच्या पाठीमागे व्हरांड्यात आपण नाही.

तीन. नकुलमातेची यादी आपल्या घराला लावून पाहा. आजाऱ्याच्या मनात कोणाची काळजी असेल, पैशांची कोणती, कोणते काम अर्धे राहिले असेल? ते विषय आपणच काढा आणि जे खरोखर करणार असाल तेवढेच वचन द्या.

चार. मुलांना खरे सांगा, त्यांच्या वयाला झेपेल अशा शब्दांत. माझ्या मुलीला मी उशिरा सांगितले, "आजोबा बरे होणार नाहीत हे मला माहीत होतं. मी घाबरलो आणि खोटं बोललो. ते चुकलं." ती म्हणाली, "मला वाटलंच होतं." मुलांना वाटतच असते. आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांनाही वाटतच असते.

पंचशिलाला आपण सिक्खापद म्हणतो. म्हणजे शिकण्याची पायरी. मी या पायरीवर फार वाईट पडलो, त्या वेळी मी चाळिशीला आलेला, दोन पदव्या घेतलेला माणूस होतो. पण पडल्यावर पुन्हा तीच पायरी चढायची असते म्हणूनच आपण दर वेळी पंचशील नव्याने ग्रहण करतो.

तुमचे आईवडील हयात असतील तर हा लेख वाचून झाल्यावर घड्याळ पाहा. तिकडे पहाट झाली असेल किंवा रात्र. त्यांची जागे होण्याची वेळ झाली की फोन करा. आणि त्यांनी काही विचारले तर उत्तर द्या.

भवतु सब्ब मंगलं.
जयभीम, नमो बुद्धाय.